दुसरा रकाना

फॉर्म एकाच पानाचा आहे.
मुख्य शाखा: मेकॅनिकल. ते छापूनच आलंय.
दोन वर्षांपूर्वी मीच भरलं होतं, रँक बघून;
आवड बघायला वेळ नव्हता.
खाली दुसरा रकाना, रिकामा.
तिथे इलेक्ट्रिकल लिहायचं, किंवा नाही लिहायचं.
शुक्रवारी पाचला खिडकी बंद.

मामिडवार मॅडमनी कागदावर बेरीज करून दाखवली:
बावन्न क्रेडिट जास्तीचे, एक वर्ष जास्तीचं, त्या वर्षाची फी,
"आणि झोप कुठून आणणारेस?"
झोपेला क्रेडिट नसतात मॅडम,
हे मी जिना उतरल्यावर म्हणाले.

संघमित्रा, किनवटची, माझी रूममेट,
कुकरमध्ये तांदूळ टाकता टाकता म्हणाली,
दोन डगरींवर पाय ठेवू नये म्हणतात ना?
उन्हाळ्यात ये आमच्याकडे,
पैनगंगा एवढीशी होते, आरामात ठेवता येतो.
मग जरा थांबून,
"पण पावसाळा येतोच गं."
आणि शिट्ट्या मोजायला लागली.

शनिवारी नांदेडहून निघाले.
पूर्णेला गाडी नेहमीसारखी अडकली.
इथून रूळ फुटतात, एक अकोल्याकडे, एक परभणीकडे.
पण मी उपमा शोधत नव्हते,
भजे शोधत होते. संपले होते.

जिंतूर रोडला आमचं दुकान. रिवाइंडिंग.
व्हार्निशचा वास आधी येतो, मग पाटी दिसते.
पप्पा स्टेटरमध्ये तार भरत होते.
मी दारातूनच सुरू केलं: पप्पा, दोन शाखा घेऊ का?
त्यांनी वर न बघता एक बोट उचललं.
लहानपणापासून मला ते बोट माहीत आहे.
एकसष्ट. बासष्ट.
घरात कुणाला ताप आला तरी
ते बोट खाली येईपर्यंत थांबायचं असतं.

ऐंशी झाल्यावर म्हणाले, हां, बोल.

ऐकून घेतलं. मग जळकी मोटर पायानं पुढं सरकवली.
"ही कशानं जळली सांग."
वायंडिंग काळं पडलं होतं. ओव्हरलोड, मी म्हणाले.
"बेरिंग जाम झाल्तं. म्हून तापली, म्हून जळली.
म्या नुस्तं वायंडिंग भरलं तर म्हैन्यात परत येती.
आदी मुनीरकडं जाती ही, मंग माझ्याकडं."
मग तुम्ही लेथ का नाही शिकलात?
"शिकलो की. सा म्हैने.
ध्यान तिकडं जायचं, मोजणी चुकायची.
दोन मोटरी उलट्या फिरल्या. बोअरवाले भांडायला आले.
तवापासून नुस्तं मोजतो."

मला वाटलं, मिळालं उत्तर.
तेवढ्यात मुनीरचाचा रस्त्यापलीकडून आले,
हाताला लोखंडाचा कीस चिकटलेला, चहा मागायला.
सगळं कळल्यावर म्हणाले,
"तुझ्या बापाकडून तार भरणं शिकायला मी लाजलो.
बावीस वर्षं समोर बसून लाजलो, बेटा."
पप्पा काही बोलले नाहीत.
त्यांनी चाचांना स्वतःचा कप दिला.
आणि मी पुन्हा होते तिथेच,
मधल्या रस्त्यावरून ऊसाची ट्रॉली जात होती,
दोन्ही दुकानं एकदम दिसत नव्हती.

शुक्रवार. पावणेपाच.
रांगेत माझ्यापुढचा मुलगा
कॉम्प्युटर असं दोन सेकंदांत लिहून गेला.
खिडकीतला माणूस म्हणाला, रिकामं चालत नाही.
लिहा, नाहीतर रेघ मारा.
बोला, काय करायलाव?

मी एक बोट उचललं.
तो चक्क थांबला.
काय मोजत होते, मला सांगता येणार नाही;
पैसे नव्हते, वर्षं नव्हती.
मोजणी चुकली, एवढं नक्की.

मग लिहिलं.
रकाना लहान आहे, माझं अक्षर मोठं.
शेवटचा ल रेघेबाहेर गेला.

"आत लिहा ना, मॅडम," तो म्हणाला,
"रकान्याच्या आत."